मोगरीला रंग येईल म्हणून

खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या खारट मातीवर फार फार पूर्वी एक गाव वसलं होतं. त्या गावाला ना शेत होतं, ना बाग. होतं ते फक्त मिठागर. भरतीचं पाणी बांधातून आत घ्यायचं, चौकोनी वाफ्यांत पसरायचं आणि उन्हाच्या हवाली करायचं. ऊन हळूहळू पाणी पिऊन टाकी आणि खाली पांढरंशुभ्र मीठ ठेवून जाई. मग गावातले लोक एकमेकांना आनंदाने सांगत, "आपलं मीठ पिकलं." जसा दुसऱ्या गावचा आंबा पिकतो, तसं या गावचं मीठ पिकायचं.

त्यामुळे त्या गावात सूर्याचा मान मोठा. मीठ पिकायच्या दिवसांत कुणी डोकं झाकायचं नाही, असा तिथला रिवाज होता. ना पागोटं, ना पदर, ना साधं फडकं. "जो आपलं पोट भरतो, त्याच्यापासून तोंड लपवायचं?" असं म्हातारे विचारत, आणि तरुण गप्प बसत. इरल्याचं तर नावही काढायचं नाही. बांबूच्या कामट्या आणि पानं यांचं ते इरलं, पावसात डोकं आणि पाठ झाकणारं. मिठाच्या दिवसांत ते माळ्यावर टाकलेलं असे. उन्हाळ्यात कुणी इरलं बाहेर काढलं तर सूर्य रुसतो, पाऊस धावून येतो आणि वाफ्यातलं मीठ विरघळून पुन्हा पाणी होतं, असं सगळे मानत. असं कधी खरोखर झालं होतं का, हे मात्र कुणालाच आठवत नव्हतं. भीती तेवढी सगळ्यांना तोंडपाठ होती.

या मिठागराचा एक मुकादम होता. पाणी कधी घ्यायचं, वाफ्यातला मिठाचा थर कधी मोडायचा, मीठ फावड्याने बांधावर कधी ओढायचं, सगळं त्याच्या शब्दावर चाले. माणूस वाईट नव्हता. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येणार आहे.

मुकादमाच्या घरी बरीच वर्षं पाळणा हलला नाही. मग खूप नवससायास झाल्यावर एक मुलगी झाली. सुईणीने बाळ बाहेर आणलं, तशी अंगणातली माणसं पुढे सरकली. पोर मिठासारखी पांढरी होती. केस फिकट, पापण्या फिकट, आणि उजेडात आणली की डोळे घट्ट मिटून घेई. मुकादम काळासावळा, त्याची बायको सावळी, सगळं गाव उन्हाने रापलेलं. अशी पोर त्या गावाने कधी पाहिली नव्हती.

बायका कुजबुजायला लागल्या. मुकादमाचा चेहरा उतरला. सुईण भल्या मनाची होती, तिला त्याची दया आली. ती म्हणाली, "काही नाही हो मुकादम, पोर जरा कच्ची उतरलीय. उन्हात ठेवा, पिकेल."

बिचारीने धीर द्यायला म्हटलं, पण मुकादमाला ते अगदी पटलं. का नाही पटणार? त्याने जन्मभर तेच तर पाहिलं होतं. उन्हात ठेवलं की सगळं पिकतं.

आपण आज जाणतो की काही बाळं अशीच जन्मतात. त्यांच्या कातडीत रंग तयारच होत नाही. तो रंग म्हणजे आपल्या अंगावरची उपजत सावली असते आणि ती या बाळांना मिळालेली नसते. कितीही उन्हात बसवा, ती यायची नाही. उलट त्यांनाच बाहेरच्या सावलीची सगळ्यात जास्त गरज असते. पण त्या गावाला हे सांगणारं कुणी नव्हतं.

मुलीचं नाव मोगरी ठेवलं. मुकादमाने तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. तिच्यासाठी खाडीपलीकडून खेळणी आणली, तिला खांद्यावर घेऊन तो गावभर फिरला. आणि रोज दुपारी, ऊन अगदी डोक्यावर आलं की तो तिला बांधावर नेऊन बसवी. आपणही शेजारी बसे. "थोडं सोस गो बाय," तो म्हणे, "तुला रंग येईल. मग तुला कुणी नावं ठेवणार नाही."

मोगरीचं अंग लालभडक होई. संध्याकाळी आई खोबरेल तेल चोळी आणि कुरकुरे, "अहो, पोर भाजून निघतेय. बघा तरी." मग काही दिवसांनी कातडीचे पापुद्रे सुटत. मुकादम म्हणे, "साल निघतेय म्हणजे आतून नवा रंग येतोय. तुला नाही कळायचं."

आणि एके वर्षी तिच्या नाकावर, गालांवर, हातांवर तपकिरी ठिपके दिसायला लागले. मुकादमाला आनंद आवरेना. त्याने बायकोला हाक मारली, शेजाऱ्यांना हाक मारली. "आला! रंग यायला लागला बघा!" त्या दिवशी त्याने गावात गूळ वाटला. लोकांनीही हसून हसून तोंड गोड केलं. मोगरी छोटी होती. आबा खूश झाले म्हणून तीही टाळ्या वाजवत अंगणभर नाचली. मला ही गोष्ट सांगताना सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटत असेल, तर त्या गुळाचं.

मोगरी मोठी झाली. तिला लांबचं नीट दिसत नसे, पण तिच्या तळपायांना डोळे होते म्हणा ना. अनवाणी वाफ्यात उतरली की पायाखालच्या खड्यांवरून ती सांगे, "आबा, हा वाफा अजून दोन दिवस राहू दे," किंवा, "हा आजच ओढा." ती सांगे ते कधी चुकत नसे. ज्या गावाने तिला कच्ची म्हटलं होतं, तेच गाव आता मीठ ओढायच्या आधी "मोगरीला विचारा" म्हणायला लागलं. मुकादमाची छाती फुगून येई. तिच्याशिवाय वाफ्याला हात लावायचा नाही, असं त्याने ठरवूनच टाकलं.

एका हंगामात मोगरीच्या कानाच्या वरच्या कडेला एक खरखरीत फोड आला. तांदळाच्या दाण्याएवढा. त्याच्यावर खपली धरली, ती पडली, थोडं रक्त आलं. पुन्हा खपली धरली, पुन्हा पडली. आईने हळद लावली, तेल लावलं, पाला वाटून लावला. फोड काही भरेना. दुखतही नव्हता फारसा. त्यामुळे मोगरी तो केसांखाली लपवून कामाला जाई.

त्या सुमाराला एक वैद्यबाई होडीतून गावात आली. ती गावोगाव फिरून औषध द्यायची. मीठ घ्यायला म्हणून ती बांधावर उतरली आणि तिची नजर मोगरीवर गेली. तिने मोगरीला जवळ बसवलं, कान पाहिला, गळ्याला हात लावून पाहिलं, हातांवरचे ठिपके पाहिले.

"ही जखम कधीची गो?"

"होळीच्या आधीपासूनची," मोगरी म्हणाली.

"भरते आणि पुन्हा उघडते?"

"हो. पण दुखत नाही."

"दुखत नाही हेच वाईट आहे," वैद्यबाई म्हणाली, "दुखली असती तर तू घरी बसली असतीस." मग तिने मुकादमाला बोलावलं. "मुकादम, ही साधी जखम नाही. उन्हाने हिची कातडी आतून बिघडलीय. आज हे एवढंसं आहे. बंदरावर शस्त्रवैद्य आहेत, ते कापून काढतील आणि पोरगी खडखडीत बरी होईल. आजच माझ्या होडीतून चला. आणि यापुढे हिला दुपारचं ऊन नको. अंगभर कपडा पाहिजे, डोक्यावर रुंद कडेचं काहीतरी पाहिजे, आणि तोंडावरून फडकं. तुमचं मीठ आरशासारखं आहे, त्याच्यावरून ऊन खालूनही अंगावर येतं."

मुकादमाने मोगरीचा हात पुढे केला. "पण बाई, हे बघा ना. हे ठिपके. हा रंग येतोय हिला."

वैद्यबाईने तो हात आपल्या हातात घेतला. मग हळूच म्हणाली, "रंग नाही हो दादा. भाजल्याच्या खुणा आहेत त्या."

हे ऐकून मुकादमाला लेकीची काळजी वाटायला हवी होती. वाटलीही असेल. पण बाहेर आला तो राग. वैद्यबाईचं म्हणणं खरं मानायचं, तर बांधावरची ती सगळी वर्षं, ते सोसणं आणि तो गूळ, सगळंच चुकलं असं मानावं लागलं असतं. एवढं मोठं मानायला त्याचं मन तयार नव्हतं.

"आमचं गाव उन्हावर जगतं बाई," तो म्हणाला, "आम्हाला ऊन बाधत नाही."

"तुम्हाला जन्माची थोडी सावली मिळालीय म्हणून तुम्ही निभावता. पण ऊन तुम्हालाही सोडत नाही. त्या तिकडच्या म्हाताऱ्याचा खालचा ओठ बघा. किती दिवस चिरलेला आहे, विचारा त्याला."

तिथे एक म्हातारा मीठ ओढत होता. त्याच्या ओठावरची चीर कित्येक महिने भरली नव्हती. बोलणं त्याच्या कानावर पडलंच होतं. त्याने हातातलं लाकडी फावडं बाजूला ठेवलं आणि विचारलं, "बाई, तुमच्या होडीत मला जागा आहे का?"

"आहे की. दोघांना आहे."

मुकादम म्हणाला, "म्हातारबाबांना जाऊ दे. मोगरीचं काय ते मीठ उचलून झाल्यावर बघू. ऐन पिकाचे दिवस आहेत. वाफे तिच्याशिवाय कोण ओळखणार? पावसाळा लागला की मीच घेऊन जाईन."

"वाफा चार दिवस थांबेल, मुकादम. हे थांबायचं नाही."

"पावसाळ्यात नक्की नेतो," मुकादम म्हणाला. आणि त्याला खरंच न्यायचं होतं. म्हातारा होडीत चढला. मोगरी बांधावर उभी राहून होडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होती. तशी ती तिला लवकरच दिसेनाशी झाली.

पण आईचा जीव कुठे स्वस्थ बसणार? नवरा ऐकत नाही म्हटल्यावर तिने स्वतःच काहीतरी करायचं ठरवलं. तिने माळ्यावरचं जुनं इरलं खाली काढलं. त्याच्या पाठीकडचा भाग कापून ते हलकं केलं, कड रुंद केली, आतून मऊ कापड शिवलं. समोर एक पातळ फडकं लावलं. सकाळी मोगरीला अंगभर लुगडं नेसवलं आणि इरलं डोक्यावर चढवलं. "कुणी काही बोललं तर माझं नाव सांग," ती म्हणाली.

मोगरी ते घालून वाफ्यावर आली. जन्मात पहिल्यांदा तिला दुपारी डोळे उघडता आले. ती इकडे तिकडे बघत राहिली आणि हसायला लागली. "आई, पाण्यात ढग दिसतात गो!" तिने मागे घराकडे वळून ओरडून सांगितलं.

पण बांधावर सगळ्यांचे हात थांबले होते. भर उन्हाळ्यात इरलं, आणि तेही मुकादमाच्याच घरातून? एक जण मोठ्याने म्हणाला, "मुकादम, आमच्या बायकापोरांनी डोक्यावर पदर घेतला तर तुम्ही ओरडता. आता मीठ विरघळलं तर कुणाला विचारायचं?" दुसरा म्हणाला, "त्यांच्या घरचं मीठ वेगळं पिकत असेल बाबा." दोघे-चौघे हसले.

मुकादम बांधाच्या एका टोकाला उभा होता. तिथून मोगरीपर्यंत जायला त्याला थोडा वेळ लागला. एवढ्या वेळात त्याला बरंच काही करता आलं असतं. लोकांना गप्प करता आलं असतं. 'माझी पोरगी आजारी आहे' एवढे चार शब्द बोलता आले असते. मुकादम होता तो, त्याचा शब्द कुणी मोडत नसे.

तो मोगरीसमोर येऊन उभा राहिला. त्याने दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावरचं इरलं उचललं आणि बांधाखालच्या पाण्यात टाकून दिलं.

मोगरीने लगेच डोळे मिटून घेतले. "आबा, सावलीत बरं वाटत होतं हो," ती म्हणाली.

"थोडेच दिवस गो बाय. मीठ उचललं की जाऊ आपण."

"राहू दे. तुमचा शब्द खाली पडायला नको." आणि ती चाचपडत वाफ्यात उतरली.

आईने हे घराच्या दारातून पाहिलं. त्या दिवसापासून ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलायला लागली.

हंगाम सरत आला तेव्हा तो चिरलेल्या ओठाचा म्हातारा परत आला. त्याच्या ओठाचा एक तुकडा शस्त्रवैद्याने काढला होता. बोलताना तोंड थोडं वाकडं व्हायचं, पण माणूस ठणठणीत होता. तो आधी मोगरीकडे गेला. तिचा कान पाहून तो तसाच मुकादमाकडे आला. "आता तरी न्या तिला," तो म्हणाला, "मी हात जोडतो."

"आता शेवटचेच वाफे राहिलेत," मुकादम म्हणाला.

मीठ उचलून झालं. राशी गवताने शाकारून झाल्या. पावसाचे ढग दिसायला लागले तेव्हा मुकादमाने दिलेला शब्द पाळला आणि होडी काढली. तोपर्यंत कानावर बोराएवढी गाठ झाली होती, आणि जबड्याच्या खाली, गळ्याशी, आणखी काहीतरी हाताला लागत होतं. मुकादम वाटेत सारखा म्हणत होता, "आता बरं होईल हं." मोगरी मान डोलवत होती. आई पाण्याकडे बघत होती.

शस्त्रवैद्य शांत स्वभावाचे होते. त्यांनी कानाची गाठ कापली. पण गळ्याला हात लावल्यावर त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी मुकादमाला बाहेर बोलावलं.

"हे आत पसरलंय," ते म्हणाले, "आता माझ्या हातात फार काही नाही."

"पण आम्हाला तर सांगितलं होतं की कापलं की बरी होईल!"

"कोणी सांगितलं होतं?"

"एका वैद्यबाईंनी."

"कधी?"

मुकादम बोटांवर महिने मोजायला लागला आणि मध्येच थांबला.

मोगरीला घरी आणलं. पावसाळाभर ती आतल्या खोलीत पडून होती. आईने दाराला, खिडकीला जाड कापड लावलं होतं. मुकादम उशाशी बसून राही. काय करावं ते न कळून तो कधी पाणी आणी, कधी तिचे पाय दाबी. त्याच पायांनी तिने सगळं मिठागर ओळखलेलं होतं.

एका दुपारी मोगरीने विचारलं, "आबा, मला रंग आला का हो? मला नीट दिसत नाही."

मुकादमाला वाटलं, हो म्हणावं. एवढं खोटं बोलायला काय हरकत होती? पण पोरीशी आता तरी खरं बोलावं, असं त्याला मनापासून वाटलं.

"नाही गो," तो म्हणाला, "यायचाच नव्हता. माझी चूक झाली. मी तुला उगाच उन्हात बसवलं."

मोगरीने चाचपडत त्याचा हात धरला. मग तिने विचारलं, "म्हणजे मी होते तशीच बरी होते ना?"

"होतीस गो," मुकादम म्हणाला आणि त्याचा बांध फुटला, "होतीस. अगदी बरी होतीस."

ती समाधानाने हसली. एवढी साधी गोष्ट तिला कुणी आधी सांगितलीच नव्हती.

पाऊस संपला, दिवाळी झाली, आणि नव्या हंगामासाठी वाफ्यांची माती तुडवून घट्ट करायची वेळ आली, तेव्हा मोगरी गेली.

गावाला वाटलं, मुकादम आता या वर्षी काही मिठागराकडे फिरकत नाही. पण तो आला. बांधावर उभं राहून त्याने सगळ्यांना गोळा केलं. त्याचा आवाज पूर्वीसारखा राहिला नव्हता, म्हणून लोक जवळ सरकले.

"आजपासून काम पहाटे सुरू करायचं," तो म्हणाला, "ऊन चढलं की थांबायचं. दुपारभर सगळ्यांनी सावलीत बसायचं. ऊन कलतं झालं की पुन्हा उतरायचं. बांधावर मांडव घालू. आणि जो कुणी वाफ्यात उतरेल त्याने डोकं झाकायचं, मान झाकायची, अंगभर कपडा घालायचा. ढग असले तरी. लहान पोरांना आधी. कुणाच्या अंगावर न भरणारी जखम असेल, तीळ वाढत असेल, रंग बदलत असेल, त्याने त्याच दिवशी मला सांगायचं. होडी तयार असेल. मीठ राहू दे वाफ्यात."

त्याला वाटलं, आता गलका होईल. कुणीतरी सूर्याचं नाव काढेल, कुणी पावसाचं. तो उत्तरं जुळवून आला होता. पण तसं काही झालं नाही. बायकांनी तिथल्या तिथे पदर डोक्यावर घेतले. पुरुषांनी खांद्यावरची फडकी काढून डोक्याला गुंडाळली. लोक कित्येक वर्षं याचीच वाट बघत असल्यासारखे मोकळे झाले.

पुढच्या रांगेत एक म्हातारी होती. ती म्हणाली, "मुकादम, हे तुम्ही मागच्या वर्षी सांगितलं असतं ना, तर आम्ही मागच्या वर्षीही ऐकलं असतं हो."

ती टोमणा मारत नव्हती. तिने आपलं खरं ते सांगितलं.

मग त्या हंगामात काय झालं? पाऊस आला का? सूर्य रुसला का? नाही. आभाळ निरभ्र राहिलं. सगळ्यांनी डोकी झाकली होती, दुपारभर माणसं मांडवात बसून गप्पा मारत होती, आणि ऊन मुकाट्याने आपलं काम करत होतं. वाफ्यांना सोबत म्हणून कुणी बसायची गरजच नव्हती. मीठ पिकलं. टपोरं, पांढरं, दर वर्षीसारखंच. राशी दर वर्षीएवढ्याच उभ्या राहिल्या. पोरांचे चेहरे भाजले नाहीत, म्हाताऱ्यांना चक्कर आली नाही, एवढाच काय तो फरक.

शेवटची रास रचून झाली तेव्हा माणसं मुकादमाला शोधत आली. सगळे आनंदात होते. "मुकादम, मीठ झकास पिकलं बघा! एक खडा वाया गेला नाही."

मुकादम राशीकडे बघत राहिला. त्याने मिठाची मूठ उचलली, पुन्हा खाली सोडली. आणि मग तो तिथेच, राशीच्या पायथ्याशी बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. लोकांना कळेना, एवढं चांगलं पीक आल्यावर हा माणूस रडतो कशाला?

त्याच्या मनात काय होतं ते मी सांगतो. त्याला वाटत होतं, या वर्षी पाऊस आला असता तर किती बरं झालं असतं. सगळं मीठ वाहून गेलं असतं, गाव उपाशी राहिलं असतं, तरी चाललं असतं. मग त्याला स्वतःला सांगता आलं असतं की मी पोरीला सावली दिली नाही, पण निदान त्याला कारण होतं. आता तेवढंही कारण उरलं नव्हतं. सावली दिली असती तरी मीठ एवढंच पिकलं असतं. मोगरी गेली ती कशासाठीच गेली नव्हती.

माणसं एकेक करून मांडवाकडे निघून गेली. मुकादम उघड्या डोक्याने तसाच बसून होता. दुपार होत आली, तरी त्याला उठवायला कुणाचा धीर होईना.

शेवटी त्याची बायको आली. तिने त्याला दोष दिला नाही आणि समजूतही घातली नाही. ती आपल्या पदराचं टोक त्याच्या डोक्यावर धरून उभी राहिली. किती दिवसांनी ती त्याच्याशी आपणहून बोलत होती.

"उठा," ती म्हणाली, "ऊन चढलंय. सावलीत चला."

तात्पर्य: उन्हाचे उपकार मानावेत, पण डोकं झाकून आणि दुपार सावलीत काढून मानावेत. अंगावरची न भरणारी जखम आपलं काम उरकायची वाट बघत थांबत नाही, म्हणून आपण दुसऱ्या कशाहीआधी तिच्याकडे बघावं. आणि ज्या लेकराला जन्माची सावली मिळालेली नाही, त्याची सावली आपण व्हावं, त्याचा रंग बदलायला जाऊ नये.